बुलेटचा ताप आणि तेलाचा गारवा

माणसाला ताप आला की घरातील वडीलधारे प्रथम कपाळाला हात लावून पाहतात, मग तापमापक शोधला जातो आणि त्यानंतरच औषधाचा विचार होतो. यंत्राच्या बाबतीत मात्र हा क्रम बहुधा उलटा होतो. गाडी तापते अशी शंका आली रे आली, की बाजारातून काहीतरी नवे आणून तिला जोडावे असा मोह मालकाला आवरत नाही. वाऱ्यावर थंड होणाऱ्या जुन्या मोटारसायकलींना ऑइल कूलर बसवण्याची हौस हे या मोहाचे ठळक उदाहरण होय. हा कूलर निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. तो खरोखर गुणकारी आहे. परंतु तो कोणत्या गाडीला, केव्हा आणि कोणत्या जागी जोडावा हे उमगले नाही, तर ज्या इंजिनाला वाचवण्यासाठी तो आणला त्याच इंजिनाच्या मुळावर तो उठू शकतो. नागपुरातील एका घरातल्या बुलेटची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे.

सिल्लेवानीच्या घाटात

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओव्हरसिअरांची ही १९८४ सालची ३५० सीसी बुलेट. पेंच प्रकल्पाच्या कालव्यांच्या कडेने, मुरमाच्या आणि चिखलाच्या वाटांनी त्यांनी या गाडीवर नोकरीची वर्षे काढली. मुलाच्या शाळेचा पहिला दिवस याच गाडीच्या टाकीवर बसून पार पडला आणि पत्नीच्या अखेरच्या आजारपणात औषधांच्या फेऱ्याही याच गाडीने केल्या. अशी गाडी घरात केवळ वाहन म्हणून राहत नाही. ती कुटुंबातील एक मूक सदस्य होऊन बसते.

एका हिवाळ्यात मुलाने वडिलांच्या वाढदिवसाला या बुलेटसाठी मोकळा, घुमणारा आवाज करणारा नवा सायलेन्सर आणला आणि मोठ्या कौतुकाने बसवून घेतला. पुढच्या मे महिन्यात पितापुत्र पचमढीला निघाले. नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा असा हा सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता. निघायला उशीर झाला होता आणि ऊन रणरणू लागले होते. छिंदवाड्याच्या अलीकडे सिल्लेवानीचा घाट चढताना गाडीची ओढ हळूहळू कमी झाली, इंजिनातून खडखड ऐकू येऊ लागली आणि एका वळणावर मागचे चाक एकाएकी जागच्या जागी थिजले. वडिलांचा हात वर्षानुवर्षांच्या सवयीने क्लचवर गेला म्हणून चाक सुटले आणि दोघेही बचावले. पिस्टन सिलिंडरमध्ये धरला गेला होता.

गाडी मालवाहू टेम्पोतून नागपूरला परत आली. वडील फारसे बोलले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी एवढेच सांगितले, की गिऱ्हाईक आले तर गाडी देऊन टाकू. मुलाला हे शब्द लागले. त्याने चौकशी केली आणि कोणीतरी सुचवल्याप्रमाणे एक ऑइल कूलर, दोन रबरी नळ्या आणि काही क्लँप घेऊन तो ओळखीच्या वृद्ध मिस्त्रींकडे गेला.

"चाचा, हा बसवून द्या. म्हणजे पुन्हा कधी तापणार नाही."

मिस्त्रींनी कूलर हातात घेऊन पाहिला आणि तो बाकड्यावर बाजूला ठेवला. "बेटा, हे औषध झाले. आजार काय आहे ते आधी पाहू दे."

या एका वाक्यात या विषयाचे सारे मर्म सामावलेले आहे.

रेडिचहून मद्रासला

बुलेटच्या तापाचे मूळ शोधायचे तर तिच्या जन्मस्थानापर्यंत जावे लागते. इंग्लंडमधील रेडिच या गावी रॉयल एनफिल्डचा कारखाना होता. मागच्या चाकाला झुलता आधार असलेली नव्या घडणीची बुलेट तेथे १९४०च्या दशकाच्या अखेरीस साकारली. भारतीय सैन्याला सीमाभागातील गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती आणि ती निवड बुलेटवर येऊन थांबली. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांच्या सहकार्यातून एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली. मद्रासजवळील तिरुवोत्तियूर येथे प्रथम इंग्लंडहून आलेल्या सुट्या भागांची जुळणी होत असे. पुढे सारेच भाग येथे बनू लागले. इंग्लंडमधील रॉयल एनफिल्डचे उत्पादन १९७०च्या सुमारास संपुष्टात आले. भारतात मात्र तेच इंजिन पुढे जवळजवळ चार दशके तयार होत राहिले. मूळ गावी विझलेला दिवा परक्या भूमीत तेवत राहावा, असाच हा प्रकार म्हणावा लागेल.

या इंजिनाची घडण साधी आहे. सत्तर मिलिमीटर व्यासाचा एकच सिलिंडर आणि पिस्टनची नव्वद मिलिमीटरची लांब धाव. सिलिंडर बिडाचा, तर त्यावरील हेड ॲल्युमिनियमचे. बीड हा टिकाऊ धातू खरा, परंतु उष्णता वाहून नेण्याची त्याची क्षमता इंजिनात वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या साधारण एक तृतीयांशच असते. शिवाय आतला पिस्टन ॲल्युमिनियमचा असल्यामुळे तापल्यावर तो बिडाच्या सिलिंडरपेक्षा सुमारे दुप्पट प्रमाणात प्रसरण पावतो. दोहोंमधील केसाएवढी फट अशा वेळी आणखी आकसते, तेलाचा पातळ थर फाटतो आणि धातूला धातू घासून पिस्टन धरला जातो. सिल्लेवानीच्या घाटात नेमके हेच घडले होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. तत्कालीन अनेक ब्रिटिश मोटारसायकलींची तेलाची टाकी इंजिनापासून वेगळी, सीटखाली असे. रॉयल एनफिल्डने मात्र ती इंजिनाच्या क्रँककेसमध्येच ओतून घेतली. त्यामुळे बाहेरच्या नळ्या वाचल्या आणि थंडीत तेल चटकन ऊबदार होऊ लागले. इंग्लंडच्या गारठ्यात हा मोठाच गुण होता. विदर्भाच्या किंवा राजस्थानच्या उन्हाळ्यात, हवाच ४५ अंशांवर गेलेली असताना, तोच गुण अवगुण ठरू शकतो. कारण ज्या टाकीत तेलाने विसावा घ्यायचा, ती टाकी स्वतःच तप्त इंजिनाला चिकटलेली असते.

तेल वंगणही आणि वाहकही

पेट्रोलच्या ज्वलनातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक चतुर्थांश भागच चाकापर्यंत पोहोचतो. उरलेली बहुतेक सारी ऊर्जा उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर पडते. सिलिंडरभोवती दिसणारे पातळ पंख, ज्यांना मिस्त्री लोक फिन म्हणतात, ते ही उष्णता वाऱ्याच्या स्वाधीन करतात. परंतु पिस्टनचा पोटाकडचा भाग, क्रँकचे बेअरिंग, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा या ठिकाणी वारा पोहोचत नाही. तेथील उष्णता उचलून आणण्याचे काम तेल करते. सारांश, तेल हे केवळ वंगण नव्हे, तर उष्णतेचा हमालही आहे.

या हमालाच्या पाठीवर किती ओझे टाकावे यालाही मर्यादा आहे. या जुन्या बुलेटमध्ये सर्वसाधारणपणे २०डब्ल्यू-५० प्रतीचे तेल वापरले जाते. असे तेल ४० अंश सेल्सिअसला जेवढे दाट असते, त्याच्या तुलनेत १०० अंशांना ते आठ-नऊ पट पातळ होते. ९० ते ११० अंशांच्या पट्ट्यात तेल आपले काम सुखाने करते. १३० अंशांच्या पुढे साधे खनिज तेल झपाट्याने खराब होऊ लागते. तेलाच्या तापमानात दर दहा अंशांची वाढ झाली की त्याच्या ऑक्सिडीकरणाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे वीस अंश अधिक तापलेले तेल चौपट वेगाने म्हातारे होते. काळे, जळकट वासाचे, पाण्यासारखे पातळ तेल बाहेर आले की मिस्त्री कपाळाला आठ्या घालतात, त्यामागे हे गणित आहे.

आधी निदान, मग औषध

मिस्त्रींनी इंजिन उतरवले. पिस्टनवर दोन बाजूंना उभे ओरखडे होते. स्पार्क प्लगचे टोक चुन्यासारखे पांढरे पडले होते. पेट्रोलच्या मानाने हवा अधिक झाली, म्हणजे मिश्रण पातळ झाले, की प्लग असा पांढरा दिसतो. पातळ मिश्रणाने इंजिनाच्या आतील ताप वाढतो. हे मिश्रण पातळ का झाले असावे? उत्तर समोरच होते. मोकळ्या सायलेन्सरमुळे इंजिनाचा श्वास बदलला होता, परंतु त्या प्रमाणात कार्ब्युरेटरचा जेट कोणी बदलला नव्हता. त्यातच कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधील पॅकिंगही चिरले होते आणि तेथूनही हवा ओढली जात होती.

दुसरा दोष पॉइंटमध्ये सापडला. पॉइंटची टाच झिजली की त्यांच्यातील फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. उशिरा पेटलेले मिश्रण पिस्टन खाली जातानाही जळत राहते आणि त्याची आच सिलिंडरला व सायलेन्सरच्या नळीला बसते. तिसरा दोष सर्वांत साधा होता. कालव्याच्या कडेचा जुना चिखल फिनांच्या खाचांत वर्षानुवर्षे सुकून विटेसारखा घट्ट झाला होता आणि समोर लावलेल्या मोठ्या भोंग्याने उरलासुरला वाराही अडवला होता.

मुलगा हे सारे पाहत उभा होता. आपणच हौसेने आणलेल्या भेटीने वडिलांना घाटात संकटात टाकले, हे त्याच्या ध्यानात आले. मिस्त्रींनी त्याला बोल लावला नाही. "जुना सायलेन्सर घरी असेल तर घेऊन ये," एवढेच ते म्हणाले. जुना सायलेन्सर माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. वडिलांनी तो टाकून दिला नव्हता.

सिलिंडरला बोअर मारून वाढीव मापाचा पिस्टन बसला. पॅकिंग नवे आले, पॉइंट आणि टायमिंग जुळवले गेले, फिन तारेच्या ब्रशने स्वच्छ झाले आणि भोंगा बाजूला सरकला. नवा पिस्टन रुळेपर्यंत काही आठवडे गाडी संथपणे चालवण्यात आली. त्यानंतर तेलाच्या टाकीच्या झाकणाच्या जागी काट्याचा एक छोटा तापमापक बसवला गेला. शहरातल्या फेऱ्यांत काटा समाधानकारक राहिला. रामटेकच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगाने चालवून पाहिली, तेव्हाही चिंता वाटावी असे काही दिसले नाही. मात्र दुपारच्या उन्हात दोघांचे वजन घेऊन लांबवर चढ चढताना काटा धोक्याच्या दिशेने सरकू लागला. आता कुठे कूलरचा प्रश्न योग्य रीतीने उभा राहिला. सर्व दोष दूर करूनही, ज्या कामासाठी गाडी वापरायची आहे त्या कामात तेल अधिक तापते, हे मोजून सिद्ध झाले होते.

कूलरची घडण

ऑइल कूलर म्हणजे छोटासा रेडिएटरच. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांच्या ओळी आणि त्यांच्यामधील पातळ पत्र्यांच्या झालरी असे त्याचे स्वरूप असते. गरम तेल एका तोंडाने आत शिरते, नळ्यांतून फिरताना आपली उष्णता झालरींना देते आणि निवून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. ही कल्पना नवी नाही. फोक्सवॅगनच्या सुप्रसिद्ध बीटल मोटारीचे इंजिन वाऱ्यावर थंड होणारे असूनही तिला तेलाचा कूलर होता. मोटारसायकलींमध्ये १९६८ साली आलेल्या ट्रायम्फ ट्रायडंट आणि बीएसए रॉकेट थ्री या तीन सिलिंडरच्या गाड्यांना तो कारखान्यातूनच बसवलेला असे. सुझुकीने १९८५ साली जीएसएक्स-आर ७५० या गाडीत तेलालाच थंडाव्याचे प्रमुख साधन बनवले. खुद्द रॉयल एनफिल्डने २०१६ साली आणलेल्या ४११ सीसीच्या हिमालयनला आणि २०१८ सालच्या ६५० सीसीच्या जोडसिलिंडर गाड्यांनाही समोर असा कूलर दिला. परंतु या साऱ्या गाड्यांत पंप, नळ्या आणि कूलर यांचे प्रमाण आरंभीच आखलेले होते. जुन्या बुलेटला तो मागाहून जोडताना हे प्रमाण मिस्त्रीलाच राखावे लागते.

कोणत्या नळीला हात लावावा?

बुलेटच्या इंजिनात पिस्टनच्या तत्त्वावर चालणारे दोन पंप असतात. एक टाकीतील तेल फिल्टरमार्गे क्रँकच्या मुख्य बेअरिंगकडे, म्हणजे बिग एंडकडे, पाठवतो. दुसरा क्रँककेसमध्ये गळून साचलेले तेल परत टाकीत आणतो. याशिवाय सिलिंडरच्या बाजूने वर जाणारी एक बारीक नळी हेडमधील रॉकरना तेल पुरवते. ही नळी इंजिनाच्या बाहेर असते आणि पोकळ बोल्टने, ज्याला बँजो बोल्ट म्हणतात, जोडलेली असते.

मिस्त्रींचा दंडक असा, की बिग एंडकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेत कदापि हात घालू नये. त्या वाटेत कूलर आणि दोन हात लांब नळ्या आल्या, तर तेलाच्या वाटेतला अडथळा वाढतो. नळी पिचली, आत हवा अडकली किंवा जोड निसटला, तर बेअरिंग क्षणार्धात कोरडे पडते. बिग एंड गेला म्हणजे संपूर्ण क्रँक बाहेर काढण्याचा प्रसंग आलाच. म्हणून बुलेटच्या बाबतीत कूलरसाठी सोयीची जागा म्हणजे हेडकडे जाणारी बाहेरची नळी. तेल या नळीतून कूलरमध्ये जाते, तेथे निवते, मग रॉकरना भिजवून हेडची उष्णता घेत खाली उतरते आणि अखेरीस टाकीकडे परतते. या वाटेने तेल थोडेच वाहते, त्यामुळे लाभही माफक असतो. परंतु तो प्रत्येक फेरीत थोडा थोडा साठत जातो आणि बिग एंडचा पुरवठा अबाधित राहतो. मोठ्या लाभाच्या आशेने मूळ भांडवल पणाला लावण्यापेक्षा सुरक्षित आणि माफक लाभ बरा, हे तत्त्व येथेही लागू पडते.

बसवणीतील बारकावे

मुलाने आणलेला कूलर मोठ्या गाडीचा होता. मिस्त्रींनी तो परत करवून लहान आकाराचा आणायला लावला. कारण कूलर जितका मोठा, तितका बारीक वाटेतील अडथळा आणि तेल गरम होण्यास लागणारा वेळ अधिक. कूलर फ्रेमच्या पुढच्या नळीवर, इंजिनाच्या समोर पण थोडा उंच, रबरी बुशांवर बसवण्यात आला. एक सिलिंडरच्या इंजिनाची थरथर एवढी असते, की कूलर थेट लोखंडाला आवळला तर काही महिन्यांतच त्याच्या जोडांना चीर पडते. पुढचे चाक खड्ड्यात आदळून फोर्क पूर्ण दबला तरी मडगार्ड कूलरला लागत नाही, याची खातरजमा दोन माणसे गाडीवर बसवून करण्यात आली. दोन्ही तोंडे वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे आतील हवा सहज बाहेर पडते.

नळ्यांच्या बाबतीत अनेकांची फसगत होते. पाण्याची किंवा पेट्रोलची साधी रबरी नळी गरम तेलात फुगते आणि मऊ पडते. तेलासाठी बनवलेली, आतून धाग्याचे किंवा तारेचे विणकाम असलेली नळीच वापरावी. उजव्या बाजूच्या सायलेन्सरच्या नळीपासून ती दूर ठेवावी आणि जेथे फ्रेमला घासण्याची शक्यता आहे तेथे तिच्यावर आवरण चढवावे. गरम तेल मागच्या टायरवर गळले तर गाडी घसरून जीवावर बेतू शकते, म्हणून येथे काटकसर नको.

आणखी एक सूक्ष्म अडचण आट्यांची. या जुन्या बुलेटमधील बोल्टांना मूळ ब्रिटिश मापाचे आटे असतात, तर बाजारातील बहुतेक जोड मिलिमीटरच्या मापाचे. दोन-तीन फेरे बोल्ट आत गेला म्हणून तो बसला असे समजून पान्याने जोर लावला, तर ॲल्युमिनियममधील आटे सोलून निघतात. मिस्त्रींनी लेथवाल्याकडून योग्य आट्यांचे जोड करवून घेतले. तांब्याचे जुने वॉशर पुन्हा वापरण्याऐवजी नवे घातले. मग कूलर आणि नळ्या तेलाने आधीच भरून घेतल्या. त्यांत मावणारे तेल टाकीतून उणे होते, म्हणून थोडा वेळ इंजिन चालवून टाकीतील पातळी पुन्हा तपासली आणि कमी भरलेले तेल वाढवले. हेडवरील बँजो बोल्ट किंचित सैल करून तेथे तेल झिरपते आहे हे डोळ्यांनी पाहिले, तेव्हाच तो घट्ट आवळला. तेल वर पोहोचते आहे असे गृहीत धरणे आणि ते पोहोचलेले पाहणे, या दोहोंत अवघ्या इंजिनाचे अंतर आहे.

कूलरच्या मर्यादा

कूलर वाऱ्यावर चालतो. गाडी उभी असेल तर तो जवळजवळ निष्क्रिय असतो. मुंबई, बंगळूर किंवा दिल्लीच्या वाहतूक कोंडीत अर्धा तास इंजिन चालू ठेवून उभे राहणाऱ्याला तो वाचवू शकत नाही. तेथे इंजिन बंद करणे हाच खरा उपाय. कमी पडलेले तेल, जुने तेल, पातळ मिश्रण किंवा चुकलेले टायमिंग यांवरही तो उतारा नव्हे. उलट अशा दोषांची लक्षणे तो काही काळ झाकून ठेवतो, आणि झाकलेला दोष नेहमीच अधिक महाग पडतो.

दुसरीकडे, तेल फाजील थंड राहणेही हितावह नाही. ज्वलनातून तयार होणारी पाण्याची वाफ आणि थोडेफार पेट्रोल तेलात मिसळत असते. तेल पुरेसे तापले तरच ते उडून जाते. सिमला, शिलाँग किंवा दार्जिलिंगसारख्या थंड ठिकाणी, किंवा उत्तर भारतातील हिवाळ्यात, रोज चार-पाच किलोमीटरच फिरणाऱ्या बुलेटला कूलर लावला तर टाकीच्या झाकणाखाली पांढरट, सायीसारखा गाळ जमू लागतो. अशा वेळी कूलरवर झाकण लावावे, किंवा तेल सुमारे ८० अंशांना तापल्यावरच त्याला कूलरची वाट मोकळी करून देणारा थर्मोस्टॅट वापरावा. जेथे उन्हाळा सौम्य आणि प्रवास जवळचा, तेथे कूलर न लावणे हेच शहाणपणाचे.

कागदपत्रांचाही विचार हवा. वाहनाला मागाहून जोडलेल्या उपकरणाची माहिती विमा कंपनीला लेखी द्यावी. पुढे दाव्याच्या वेळी वाद उद्भवत नाही. जुन्या खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनंतर ठरावीक मुदतीने नव्याने करून घ्यावी लागते आणि त्या वेळी गाडीची तपासणी होते. फ्रेमला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून केलेली जोडणी त्या तपासणीत अडचणीची ठरू शकते. मिस्त्रींनी कूलर क्लँपच्या साहाय्याने बसवला होता. उद्या कोणाला तो काढावासा वाटला, तर गाडी तासाभरात मूळ रूपात येऊ शकत होती. वारसा सांभाळताना केलेला बदल असा परत फिरवता येण्याजोगा असावा.

पुन्हा तोच रस्ता

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पितापुत्र पुन्हा पचमढीला निघाले. या वेळी पहाटे पाचलाच नागपूर सोडले, कारण सकाळची गार हवा हाही एक कूलरच होय आणि तो फुकट मिळतो. गाडीला जुनाच सायलेन्सर होता आणि तिचा तो संथ, खोल ठोका मोकळ्या रस्त्यावर दूरवर ऐकू येत होता. सिल्लेवानीचा घाट सुरू होण्यापूर्वी त्यांनी गाडी सावलीत उभी करून चहा घेतला. घाटात मुलाची नजर वारंवार काट्याकडे जात होती. काटा वर सरकला, एका जागी थांबला आणि धोक्याच्या रेषेच्या अलीकडेच राहिला.

मागच्या वर्षी जेथे चाक थिजले होते त्या वळणावर वडिलांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद करून ते क्षणभर तसेच बसून राहिले. मग खाली उतरून त्यांनी हातमोजा काढला, टाकीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "आता पुढे तू चालव."

गाडी विकण्याचा विषय त्यानंतर त्या घरात निघालेला नाही. तापमापकाचा काटा अजूनही झाकणावर आहे आणि दर फेरीनंतर त्याची नोंद एका वहीत होते. त्या वहीच्या पहिल्या पानावर, कूलर बसवल्याच्या तारखेच्याही आधी, मुलाने तीन कामे लिहून ठेवली आहेत: फिन साफ केले, पॉइंट जुळवले, मिश्रण तपासले. कूलरचा क्रमांक त्या यादीत चौथा आहे, आणि तेच त्याचे योग्य स्थान होय.